चौघांच्या घरातला बंब

ताई गेल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि आलेला प्रत्येक जण एकच गोष्ट सांगून गेला: तिला लहानपणापासून सेवेची आवड होती. तिच्याबरोबर नोकरी केलेल्या एका बाईंनी तर ताई शाळेत असताना आजारी कुत्र्यांना पट्ट्या बांधायची, असंही सांगितलं. मी ऐकून घेतलं. दुःखाच्या घरी ऐकून घ्यायचं असतं. त्या दिवसांत खोटं बोलायचा हक्क पाहुण्यांकडे असतो. पण मी तिच्या पाठची बहीण, एका गोधडीत वाढलेली. कुत्रं दिसलं की ती आधी दगड शोधायची हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ताई नर्स झाली ती सेवेच्या आवडीनं नव्हे. ती नर्स झाली एका तांब्याच्या बंबामुळे, आणि तो बंब आमच्या वडिलांनी निवडला होता. हे कुठं तरी लिहून ठेवायला हवं, नाही तर तिच्या फोटोखाली भलतंच काही लिहिलं जाईल.

आताच्या मुलांना बंब म्हटलं की आग विझवायची गाडी आठवते. आमच्या आर्णीच्या घरात बंब म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचं उभं, पोट सुटलेलं भांडं. मधोमध एक नळी, नळीत तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, आणि गोवऱ्यांचा जाळ, नळीभोवती पाणी. माथ्यावर नरसाळं. नरसाळ्यातून गार पाणी ओतलं की वरच्या अंगाला बसवलेल्या तोटीतून तेवढंच गरम पाणी बाहेर पडायचं. सगळी मेख इथं होती. बंब गळ्यापर्यंत भरल्याशिवाय तोटीतून थेंब येत नसे, आणि अर्धवट भरून पेटवला तर नळीच्या सांध्यांचं कथील वितळून बंब कायमचा गळू लागे. म्हणजे एकाला आंघोळ करायची असो की दहांना, पाणी भरायचं ते बंबाच्या पोटाइतकं, आणि तापवायचंही तेवढंच. हे घरात ताईला ठाऊक होतं, कारण भरायची ती आणि पेटवायचीही ती. वडिलांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्यापर्यंत बंब यायचा तो वाफाळलेल्या बादलीच्या रूपात.

वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते शाळेत मुख्याध्यापक होते आणि घरातही होते. प्रार्थना, हजेरी आणि उपदेश या तीन गोष्टींशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसे. उपदेश ते पुस्तकी मराठीत करायचे आणि चिडले की वऱ्हाडीत उतरायचे, त्यामुळे त्यांचा राग किती खरा आहे हे आम्हाला व्याकरणावरून कळायचं. आई फार बोलत नसे. ती स्वयंपाकघरातून सगळं ऐकायची आणि भाकर थापताना जिथं जोरात थाप पडेल तिथं तिचं मत आहे असं समजायचं. घरात आम्ही एवढेच: भाऊ, आई, ताई आणि मी. जुना बंब आईच्या लग्नात तिच्या माहेरून आलेला, भाऊंचे भाऊ, भावजया, त्यांची पोरं अशी सगळी एका चुलीवर होती तेव्हाचा. पुढं एकेक जण वेगळा निघाला, चूल लहान झाली, पण बंब तेवढाच राहिला. ताई रोज त्या गेलेल्या माणसांचंही पाणी तापवत होती, असं म्हणायला हरकत नाही.

त्या वर्षी तो बंब बुडातून गळायला लागला. बाजारातले तांबट रहमतभाई यांनी त्याला आधी बऱ्याच वेळा कथलाचा डाग देऊन गळती बंद केली होती. या खेपेला त्यांनी तो उलटा केला, बुडावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "गुरुजी, अब इसमें तांबं कमी अन् डाग जास्त हाय. नवाच घ्या." झालं. घरात नव्या बंबाचा विषय निघाला, आणि नेमका त्याच आठवड्यात ताईची यवतमाळला नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी निवड झाल्याचं कळलं. दोन्ही बातम्या एकत्र आल्या आणि भाऊंनी दोन्हींचा निकाल एकत्र लावला. बोरी अरबचं एक स्थळ चालून आलं होतं. पाटबंधाऱ्यात नोकरी, घरची ओलिताची शेती. भाऊ जाऊन शेत पाहून आले होते, विहिरीत डोकावून पाणी पाहून आले होते. ते ताईला म्हणाले, "पाहुणे येऊन जाऊ दे. त्यांचा होकार आला तर ट्रेनिंगचा विचार सोडायचा. नाही आला तर तू यवतमाळला मोकळी." ताईनं विचारलं, "अन् माह्या होकाराचं काय?" भाऊंनी चष्मा पुसला. चष्मा पुसणं म्हणजे प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

ट्रेनिंगला हजर व्हायचा दिवस सोमवार. पाहुणे येणार त्याआधीच्या शनिवारी. आणि पाहुणे मुक्कामी राहणार म्हणजे सकाळी त्यांची आंघोळ आमच्याकडे होणार, म्हणजे नवा बंब त्याआधी यायला हवा. आता मागे वळून पाहताना वाटतं, एखादा मोठा पेच असा मांडायला बुद्धी लागते. भाऊंनी तो सहज मांडला होता.

बंब केवढा घ्यायचा यावर दोन दिवस चर्चा झाली. चर्चा म्हणजे भाऊ बोलले. जुना होता तेवढा तर हवाच, हा त्यांचा पाया. कारण घर खाली जाताना दिसता कामा नये. त्यावर पाहुणे, त्यावर पोळ्याला येणारे काका-काकू, त्यावर उद्याचे जावई आणि जावयाचे मित्र. भाऊ मिळवत गेले. वजाबाकी त्यांनी शाळेत शिकवली असेल, घरात कधी केली नाही. आईनं कमरेच्या बऱ्याच खाली हात धरून दाखवला आणि म्हणाली, "एवढा पुरे." ताई म्हणाली, "भाऊ, आपण चौघं हावो. जुना बी आपल्याले मोठाच होत होता."

"चौघं आज आहोत," भाऊ म्हणाले. "आणि हे लक्षात ठेव, मोठ्या गंजात थोडा भातही शिजतो. लहान गंजात जास्त शिजत नाही."

"गंजात शिजते भाऊ. बंब अर्धा नाई भरता येत. नळी उघडी पडते."

"तू पेटवायचं पाहा. निवडायचं मी पाहतो."

हे वाक्य मी पुढं आयुष्यभर निरनिराळ्या कार्यालयांत, निरनिराळ्या माणसांच्या तोंडून ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या ओसरीवर.

रहमतभाईंच्या दुकानात भाऊंबरोबर मी गेले, कारण मला पिशवी धरायची होती, आणि दुकानाच्या पायरीवर बसून वाचता येत असे. दुकानात लहान, नीटस बंब ओळीनं मांडलेले होते, आणि त्यांच्या मागे, भिंतीला टेकून, माझ्या डोक्याहून उंच असा एक उभा होता. तो ढाणकीच्या एका धर्मशाळेसाठी घडवलेला होता. धर्मशाळेच्या लोकांचं आपसात भांडण झालं आणि बंब न्यायला कोणी आलंच नाही. तेव्हापासून तो रहमतभाईंच्या दुकानात जागा अडवून बसला होता. गिऱ्हाईक आत आलं की रहमतभाईंची नजर आधी त्या बंबाकडे जायची आणि मग गिऱ्हाईकाच्या चेहऱ्याकडे. भाऊंच्या चेहऱ्यावर त्यांना जे हवं होतं ते सापडलं.

"छोटा बंब कोणी बी घेते गुरुजी," ते म्हणाले. "तुमचं घर का कोणी बी हाय का?"

भाऊंनी मान हलवली. त्यांचं घर कोणी बी नव्हतं.

"आवाज पाहा." रहमतभाईंनी बोटाच्या पेरानं मोठ्या बंबावर टिचकी मारली. तो गंभीरपणे घुमला. भाऊ त्या आवाजासमोर उभे राहिले, एखाद्या नव्या साहेबासमोर उभे राहावेत तसे. मग त्यांनी स्वतः एकदा टिचकी मारून पाहिली, आणि व्यवहार पुरा झाला. बंबात पाणी किती मावतं, ते तापायला वेळ किती, तुराटी किती लागते, यातलं काहीही विचारलं गेलं नाही. नाद चांगला आहे म्हणून आंघोळीचं भांडं घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हातगाडीवरून बंब घरी आला तेव्हा गल्ली दारात आली. तो न्हाणीच्या दारातून आत जाईना. आडवा करून पाहिला, तिरपा करून पाहिला. शेवटी तो मागच्या अंगणात, सगळ्यांना दिसेल असा ठेवला गेला, आणि भाऊंना मनातून तेच हवं होतं. आईनं रीतीप्रमाणे त्याला हळदीकुंकू लावलं. त्यासाठी तिला पाटावर चढावं लागलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काहून वो, घरी लग्न हाय का?" भाऊ म्हणाले, "होईल, होईल." ताई हापशीकडे गेली. घागर, कळशी, पुन्हा घागर. मीही थोडी मदत केली. नरसाळ्यातून पाणी आत पडल्याचा आवाज आधी खोल विहिरीत पडावा तसा यायचा, आणि बराच वेळ तो तसाच खोल राहिला.

पहिल्या दिवशी पेटवला तेव्हा जुन्या बंबासारखा तो लगेच गुणगुणायला लागेना. जुना कसा, थोड्या वेळात सूं-सूं करायचा, मांजर चुलीजवळ बसल्यासारखा. हा गप्पच. आत भलं थोरलं थंड पाणी बसलेलं आणि खाली तुराट्यांचा जाळ चढून चढून दमलेला. शाळेची वेळ झाली तेव्हा भाऊंनी कोमट पाण्यानं आंघोळ केली आणि सांगितलं, "तांबं नवीन आहे. मुरायला वेळ लागतो." लोणचं मुरतं हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पाणी खरं कढत व्हायचं ते दुपारी, सगळे बाहेर गेल्यावर, आणि मग रिकाम्या अंगणात तो बंब एकटाच समाधानानं गुणगुणत बसायचा. मागच्या भिंतीला टेकून ठेवलेली तुराट्यांची गंजी डोळ्यांदेखत खाली आली. मोठी वस्तू घरात आली की तिच्याबद्दल बोलायची चोरी होते.

हे लिहिताना मला हसू येतं, कारण परवाच यवतमाळला ताईच्या मुलाच्या घरी गच्चीवर पाणी तापवायची सोलरची टाकी बसवायला एक माणूस आला होता. घरात नवरा-बायको दोघंच. त्या माणसानं आधी बंगला बाहेरून पाहिला, मग गाडी पाहिली, आणि म्हणाला, "तुम्हाला साहेब मोठीच शोभेल." मी आतून विचारलं, "आंघोळ बंगला करतो का?" त्याला म्हातारीचा राग आला. भाचा माझ्याकडे पाहून ओशाळा हसला आणि मोठीच घेतली. रक्त शेवटी रक्तच.

शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं बोरीचे पाहुणे आले: मुलाचे वडील वामनराव, मुलगा प्रभाकर आणि मुलाचे मामा. मामांचं काम दर दोन वाक्यांनी "बरोबर आहे" म्हणणं एवढंच होतं, आणि ते त्यांनी मन लावून केलं. आईनं ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी, पाटवडीचा रस्सा आणि कढी केली होती. ताईनं वाढलं. वामनरावांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं, भाकर मोडून पाहिली. प्रभाकरनं ताटाकडे पाहिलं. जेवण झाल्यावर वामनराव म्हणाले, "आमच्याकडून तर काही अडचण दिसत नाही." मामा म्हणाले, "बरोबर आहे." म्हणजे होकार जवळजवळ झालाच. भाऊंचा चेहरा उजळला. मी ताईकडे पाहिलं. ती खरकटी ताटं उचलून मागच्या दारानं निघून गेली, आणि पाठोपाठ हापशीचा दांडा वाजायला लागला. सकाळचं पाणी.

सकाळी मी उठले तेव्हा अंगण धुरानं भरलं होतं. मार्गशीर्षातली थंडी, तुराट्यांवर दव पडलेलं, जाळ धड लागेना. ताई ओणवी होऊन फुंकणीनं फुंकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला उठून केवढा वेळ झाला होता देव जाणे. तिघे पाहुणे पंचे नेसून, खांद्यावर टॉवेल टाकून ओट्यावर ओळीनं बसले होते. भाऊ उभे राहून त्यांना बंब दाखवत होते. बंब थंड होता, पण भव्य होता.

"मजबूत आहे," वामनराव दात वाजू न देता म्हणाले. "पण आमचा याच्यापेक्षा मोठा आहे."

"मोठा?" भाऊ म्हणाले.

"दीडपट तरी असंल. वडलांच्या वेळचा."

"बरोबर आहे," मामा कुडकुडत म्हणाले.

भाऊंच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दुःख दिसलं ते मी पुढं त्यांच्या चेहऱ्यावर फार थोड्या वेळा पाहिलं. प्रभाकरनं इतक्यात तोंड उघडलं. आल्यापासूनचं त्याचं पहिलं वाक्य होतं. "पाणी झालं का?" तो म्हणाला.

ताईनं फुंकणी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं, त्यानं काजळी आणखीच पसरली. प्रभाकरला वगळून वामनरावांना तिनं विचारलं, "तुमच्या घरी माणसं किती जी?"

"आम्ही तिघं. याची आई, हा अन् मी. मोठा मुलगा मागच्या वर्षी वेगळा झाला."

"अन् एवढा मोठा बंब पेटवते कोण?"

"मोठी सून पेटवायची," वामनराव हसले. "ते वेगळे निघाले तेव्हापासून गैरसोयच होऊन राह्यली. म्हणून तर तुमच्या दारी आलो!" ते भाऊंकडे वळून आणखी हसले. हा विनोद होता. मामाही हसले. भाऊही अर्धवट हसले, मग थांबले.

"लहान काहून नाई घेत?" ताईनं विचारलं.

"लहान?" वामनरावांना प्रश्नच कळला नाही. "वडलांचा बंब हाय तो पोरी. सून नवी आणता येते, वडलांचा बंब कायले बदलतो?"

ताई प्रभाकरकडे वळली. "तुमी कधी पेटवला?"

प्रभाकरनं वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी बंबाकडे. आणि इतक्या उशिरा, बंबानं पहिल्यांदा बारीक सूं केलं.

ताईनं तोटीखाली बादली सरकवली, वर कळशी ओतली, आणि जेमतेम कोमट पाण्याची बादली वामनरावांसमोर आणून ठेवली. "घ्या आंघोळ करून. याच्याहून गरम व्हाले दुपार व्हते," ती म्हणाली. "अन् मी काई बोरीले येत नाई. राग नका मानू. मले उद्या यवतमाळले जायचं हाय."

ती आत गेली. भाऊंनी व्याकरण सोडलं. "अवं, काय बोलून राह्यली तू? इकडं ये! शकू!" वामनराव उठून उभे राहिले. त्यांचा अपमान झाला होता, आणि पंचा नेसलेल्या, थंडीनं निळसर पडलेल्या माणसाला अपमान नीट दाखवताही येत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. आंघोळ न करताच ते कपडे घालून निघाले. आईनं केलेले पोहे मामांनी तेवढे खाल्ले. उभ्यानं, भरभर, आणि जाताना तिला हळूच म्हणाले, "मोठी सून बी हेच म्हणत होती." त्यांचं एवढं एकच वाक्य स्वतःचं होतं.

भाऊ ओसरीवर बसून राहिले. रविवार असल्यानं शाळेत पळायची सोय नव्हती. शब्द देऊन मोडला, गावात तोंड कसं दाखवू, पोरीला शिकवून चूक केली, हे सगळं ते पुस्तकी मराठीत म्हणाले, म्हणून मला थोडा धीर आला. बराच वेळ बोलून झाल्यावर ते आईला म्हणाले, "एवढी ओलिताची जमीन! मी स्वतः पाहून आलो होतो. विहीर मोजून आलो होतो."

आई दारात आली. हातावर पीठ होतं. "तुमी विहीर मोजली," ती म्हणाली. "तिनं बंब मोजला. तिथं राहायचं तिले होतं."

एवढं बोलून ती परत चुलीकडे गेली. भाऊंनी चष्मा काढला, पुसायला पंच्याचं टोक धरलं, आणि न पुसताच पुन्हा घातला. मग बरंच काही गिळून त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं, "सोमवारची पहिली गाडी किती वाजता आहे?"

महिन्याभरानं भाऊ आणि मी तिला भेटायला यवतमाळला गेलो. गाडीची वेळ विचारल्यानंतर भाऊ तिच्याशी एक अक्षर बोललेले नव्हते; चिवड्याचा डबा मात्र त्यांनी मांडीवर धरून आणला, माझ्या हाती दिला नाही. मुलींच्या होस्टेलच्या व्हरांड्यात आम्हाला बसायला सांगितलं. ताई आली ती पांढऱ्या साडीत, केस घट्ट बांधलेले, डोळे स्वच्छ. धुरानं लाल नसलेले तिचे डोळे मी त्या थंडीत पहिल्यांदा पाहिले. जाणाऱ्या-येणाऱ्या मुली त्यांच्या डोळ्यांसमोरून जात होत्या आणि भाऊंचे ओठ हलत होते. ते मोजत होते.

"आंघोळीला गरम पाणी मिळतं का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाई. थंडं."

"एवढ्या थंडीत?"

"एक बादली. घेतली का झालं."

भाऊ आणखी थोडा वेळ मुलींकडे पाहत राहिले. मग त्यांचा चेहरा एकदम खुलला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं माप बरोबर जुळलं होतं. "शकू," ते पुढं वाकून म्हणाले, "आपला बंब इथं आणून देऊ का? तुमच्या बाईंशी बोलतो मी. एवढ्या पोरी, अगदी मापाचा होईल बघ."

ताईनं त्यांच्या मांडीवरचा डबा उचलून घेतला.

"नका आणू भाऊ," ती म्हणाली. "आणला का पेटवायले मलेच सांगतीन."